गणकयंत्राला वाहिलेल्या अक्षता

पुण्याहून उज्जैनला निघालेल्या बाईच्या सामानात क्षिप्रेचं पाणी आणायला निदान एक तांब्या असावा, अशी आमच्या शेजारणींची माफक अपेक्षा होती. माझ्या सामानात तांब्या नव्हता. दोन लुगड्यांची वळकटी, लाडवांचा डबा आणि एक लाकडी पेटी होती. पेटी उचलताना पुणे स्टेशनावरच्या हमालाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी कुणाची तरी तिजोरी घेऊन पळाले असावे.

पेटीत होतं गणकयंत्र. मी कॉलेजात गणित शिकवते, आणि आमच्या विभागाने मोठ्या मिनतवारीने हे यंत्र मिळवलेलं आहे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. टायपरायटरच्या निम्म्या आकाराचा लोखंडी ठोकळा. समोर उभ्या खाचा, प्रत्येक खाचेत वरखाली सरकणारी एक छोटी दांडी. एकं, दहं, शतं असा आपला आकडा त्या दांड्यांनी लावायचा आणि उजवीकडचा मोठा दांडा गरगर फिरवायचा. खालच्या खिडक्यांत गुणाकार उमटतो. वजाबाकी करताना हिशेबाच्या बाहेर गेलात तर आत एक घंटा वाजते, टण्.

रतलामच्या गाडीत या पेटीवरून डब्यात पैजा लागल्या. कुणी म्हणालं शिवणयंत्र, कुणी म्हणालं बाजाची पेटी. शेवटी समोरच्या बाकावरच्या शास्त्रीबुवांनी हुकूमच सोडला, म्हणून झाकण उघडून दाखवलं.

"जन्मपत्री बनाती है?" त्यांनी विचारलं.

"नहीं महाराज, सिर्फ़ गुणा-भाग."

"बस? फिर इतना वज़न किस बात का?" असं म्हणून ते पुन्हा सुपारी कातरायला लागले. माझ्या यंत्राबद्दल इतकं परखड मत आमच्या प्राचार्यांनीही कधी दिलं नव्हतं.

देवास गेट

इंदूरहून सर्व्हिस मोटारीने उज्जैनच्या देवास गेटला उतरले तेव्हा मालती न्यायला आली होती. मालती माझी कॉलेजातली मैत्रीण. लग्न होऊन उज्जैनला गेली, माधव नगरात राहते आणि तिथल्या कॉलेजात गणित शिकवते. पत्र लिहून मला आणि यंत्राला बोलावणारी तीच.

"सरू, किती वाळून गेलीस गं! चल, आधी नाश्ता करून घे, बाकी गोष्टी नंतर," ती म्हणाली. पुण्याची मालती "गोष्टी" ऐकायला बसायची, उज्जैनची मालती गोष्टी करते. मी हसले, पण भूक लागली होती म्हणून टोमणा राखून ठेवला.

नाश्ता म्हणजे पोहे आणि जिलबी, एकाच पानात. पोह्यांत बडीशेप, वर मूठभर शेव. पोह्यांत बडीशेप घालणाऱ्या माणसांवर विश्वास ठेवू नये, असं माझं पुण्यात ठाम मत होतं. मुक्काम संपेपर्यंत ते मत कुठे गेलं कुणास ठाऊक. आता घरी मी स्वतःच गुपचूप बडीशेप घालते आणि विचारलं तर चुकून पडली म्हणते.

खाता खाता मालतीने कारण सांगितलं. मध्यभारत राज्य आता मोडणार आणि सगळा मुलूख नव्या मध्यप्रदेशात जाणार, हे तर वर्तमानपत्रांतून कळलंच होतं. आमच्याकडे त्या वेळी मुंबईवरून रान पेटलेलं होतं, कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. इथे मात्र टांगेवालासुद्धा "राजधानी भोपाळ को दे दी, अब क्या करें" असं म्हणून घोड्याला चुचकारत होता. पण या उलथापालथीत उज्जैनच्या वाट्याला नवं विद्यापीठ यायचं होतं. गणिताचा एम. एस्सी.चा वर्ग उज्जैनला काढायचा की फक्त इंदूरला, हे ठरवायला एक समिती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी यायची होती.

"आमचं म्हणणं असं, की वर्ग इथे काढा, आणि त्यात यंत्रावर करायच्या गणिताचा एक पेपर पण ठेवा. इंदूरकडे तसं काही नाही," मालती म्हणाली. "पण समितीचे अध्यक्ष जुन्या चालीचे. मशीन म्हटलं की त्यांचा पारा चढतो. त्यांना दाखवायचंय, की मशीनने मुलं आळशी नाही होत."

"आणि नाही पटलं तर?"

"तर माझं काय, मी बी. एस्सी.ला शिकवत राहीन. कुसुमचं शिक्षण संपलं."

कुसुम तिची विद्यार्थिनी, बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. वडील रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. ते मुलीला इंदूरला ठेवायला तयार नव्हते. ग्वाल्हेरचं एक स्थळ सांगून आलेलं होतं आणि दिवाळीनंतर होकार-नकार कळवायचा होता. उज्जैनला वर्ग निघाला तर शिक्षण, नाही तर ग्वाल्हेर. मी जिलबीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिले. एवढं ओझं पेटीत आहे हे मला पुण्यात कुणी सांगितलं नव्हतं.

व्हरांड्यातलं यंत्र

मालतीच्या कॉलेजात वर्गाला सुट्टी होती तरी मुलं आपणहून यायची. पहिल्या दिवशी यंत्राभोवती अशी गर्दी झाली, की मला स्वतःलाच ते दिसेना. कुसुम मागे उभी होती. सडपातळ, वेणी घट्ट, आणि डोळे सारखे यंत्राच्या बाजूंवर, जणू झाकणाच्या आत काय आहे ते बाहेरूनच वाचून काढणार होती.

दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना घंटेचा शोध लागला. मग काय विचारता! भागाकार राहिला बाजूला, जो तो मुद्दाम जास्त वजाबाकी करून टण् करतोय. रामेश्वर नावाच्या एका दांडगोबाने तर घंटेवर ताल धरून भजन म्हटलं. मी रागीट आहे, हे माझ्या पुण्याच्या विद्यार्थ्यांना विचारा. मी झाकण लावलं आणि म्हटलं, "बस झालं. आजपासून यंत्र तुम्ही!"

सगळ्यांना बाहेर व्हरांड्यात एका ओळीत बसवलं. उजवीकडचा पहिला एकं, त्याच्या शेजारचा दहं, मग शतं. प्रत्येकाच्या हातात पाटी, पाटीवर एक आकडा. मी टाळी वाजवली की ज्याने त्याने आपल्याला दिलेला आकडा मिळवायचा, आणि नवाच्या पुढे गेलं की डावीकडच्याला खांद्यावर थापटून ओरडायचं, "हासिल!" आपण ज्याला हातचा म्हणतो त्याला तिकडे हासिल म्हणतात. मराठी घरांतली मुलंही हासिलच म्हणतात. अर्ध्या तासात व्हरांड्यात बाजार भरला, पण यंत्राच्या पोटात काय चालतं ते सगळ्यांना कळलं.

शतंच्या जागी होता रामेश्वर. मध्येच ओळीतला हासिल त्याच्यापर्यंत आला तर खुर्ची रिकामी! महाराज कचोरी खायला फाटकावर गेले होते. सगळी ओळ खोळंबली. मी रागावायला तोंड उघडणार, तेवढ्यात कुसुम पहिल्यांदा बोलली.

"त्याला असू दे ना बाहेर. आपण त्याच्या पलीकडून सुरू करू. चौथा एकं, पाचवा दहं. फालतू कशाला थांबायचं?"

सगळे तीन खुर्च्या सोडून पलीकडे सरकले आणि बेरीज पुरी झाली. उत्तर बरोबर आलं. रामेश्वर ओठांवरची चटणी पुसत परतला तेव्हा त्याच्यावाचून जग चाललेलं पाहून त्याला फार वाईट वाटलं.

त्या संध्याकाळी कुसुमचे वडील, गोविंदराव, मालतीकडे मला भेटायला आले. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट. पूर्वज शिंदेशाहीच्या दफ्तरात कारकून होते, ते सांगितल्याशिवाय ते खुर्चीवर बसले नाहीत.

"ताई, मी मुलीला शिकवलं. भावकीत सगळ्यांनी मना केलं, तरी शिकवलं," ते म्हणाले. "पण इंदूरला एकटी नाही ठेवणार. मला रात्रीची झोप नाही यायची. इथं वर्ग उघडला तर मी स्वतः सायकलवरून सोडत जाईन."

"शब्द?"

"शब्द. पण एक सांगा, ह्या मशीनने काय वर्ग उघडतो?"

"बघू या," मी म्हटलं. मलाच माहीत नव्हतं, तर त्यांना काय सांगणार? त्यांच्यावर चिडावं असं ठरवून बसले होते, पण झोप न येणाऱ्या बापावर चिडता येईना.

भैरवगढ

एक दिवस सुट्टी घेतली. मालती आणि कुसुम मला टांग्याने भैरवगढला घेऊन गेल्या. तिथे घरोघरी कापडावर ठसे उमटवतात. लाकडी ठसा रंगात बुडवायचा, कापडावर ठेवायचा आणि मुठीने थप्पकन मारायचं. गल्लीभर तोच आवाज. नदीच्या काठाला धुतलेली लाल-काळी कापडं वाळत पडलेली, आणि त्यांतून वाट काढत एक बकरी निवांत चाललेली. मालकाने तिला हाकललं नाही, फक्त "देख के, माताराम" म्हणाला.

मी पुण्याच्या सवयीने प्रत्येक दुकानात भाव पाडत होते. कुसुमने मात्र एक लहानसा तुकडा उचलला, लाल जमिनीवर काळी फुलं.

"मॅडम, हा मशीनवर घालायला. पेटीतून काढलं की धूळ बसते," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मला तर फार चांगलं लागलं तुमचं मशीन."

पुण्यात लाडू चांगला लागतो, यंत्र नाही. पण तिच्या तोंडून ते वाक्य इतकं गोड वाटलं, की मीही त्या दिवसापासून दोन-चार गोष्टी चांगल्या लागून घेतल्या. परतताना एका घरी दाल-बाफले जेवलो. बाफला म्हणजे तुपात आंघोळ केलेला कणकेचा गोळा. तो खाऊन माणूस टांग्यात चढू शकत नाही, त्याला चढवावं लागतं.

माईंची पूजा

मालतीच्या सासूबाईंना सगळे माई म्हणतात. माधव नगरातल्या त्या टापटीप घरात सकाळच्या चहाच्या वेळेपासून कुणी कुठली चप्पल घालावी इथपर्यंत सगळं माईंच्या मर्जीने चालतं. खंडेनवमीला घरातली शस्त्रं पुजायची, ही चाल आपल्याकडेही आहे. शस्त्रं म्हणजे आता विळी, कात्री आणि मुलांची पुस्तकं. आम्ही त्यांना एक फूल वाहतो आणि जेवायला बसतो. माईंकडे तसं नसतं. त्यांनी कुसुमने दिलेलं कापड पाटावर अंथरलं आणि माझं गणकयंत्र मधोमध बसवलं. बाजूला मालतीच्या नवऱ्याचं टाइमपीस, शिवणयंत्र आणि सायकलचा पंप.

"माई, उद्या-परवा ते लागणार आहे हो," मी चाचरत म्हटलं.

"लागू दे ना. पण पूजेतलं हत्यार दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत उचलायचं नसतं. बिलकुल नाही. तुझं काम पण सुधरेल, बघ."

मग त्यांनी नारळ हातात घेतला आणि यंत्राच्या दांड्याकडे अंदाज घेतल्यासारखं पाहिलं. मी धावत जाऊन मध्ये पडले आणि नारळ अंगणात फोडून घेतला. यंत्राला गंध लावताना माझा जीव वरखाली होत होता, पण गंध दांड्यालाच लागलं. नारळावर माझं एवढं लक्ष होतं, की अक्षतांकडे गेलंच नाही. माईंनी वाहिल्या, मालतीने वाहिल्या, हळदीकुंकवाला आलेल्या शेजारणींनी तर "हे काय हो?" असं विचारत विचारत मूठमूठ वाहिल्या.

दसऱ्याला महाकाळाची स्वारी शमीपूजेला निघते. ती पाहायला आम्ही सगळे रस्त्यावर उभे राहिलो. एरवी जुन्या शहरात राहणारा देव आपल्या भागात आला, म्हणून माधव नगरातली माणसं पाहुणा यावा तशी रांगोळ्या घालून वाट पाहत होती. ढोल, डमरू आणि "जय महाकाल" यांनी कान बधिर झाले. परत येऊन सोनं लुटलं, श्रीखंड खाल्लं. माईंनी यंत्र पूजेतून उठवून, फडक्याने पुसून, माझ्या हाती दिलं. मी ते पेटीत ठेवलं. तपासून पाहायला हवं होतं. पण श्रीखंड फार झालं होतं.

समिती

समिती आली. तिघेजण होते. दोघे सारखे घड्याळ पाहत होते. अध्यक्ष उंच, पांढऱ्या मिशांचे. चष्म्याच्या वरून पाहत त्यांनी विचारलं, "मशीन जवाब देगी, तो विद्यार्थी क्या देगा?" आणि उत्तराची वाट न पाहता फळ्यावर लिहिलं: दोनचं घनमूळ काढा.

म्हणजे अशी संख्या, जी स्वतःशीच तीनदा मांडून गुणली की दोन येतात. मी पुढे झाले. मला आधी एक, पूर्णांक, दोन, पाच लावायचं होतं, म्हणजे सव्वा. एकंची दांडी सरकली, दहंची सरकली. शतंची हलेना. जोर केला, हलेना. वाकून पाहिलं तर खाचेत कुंकवाने लाल झालेला तांदूळ! एक नव्हे, दाटीवाटीने बसलेले. मी अंबाड्यातला आकडा काढून टोकरलं, तर ते आणखी आत गेले. दाराबाहेर व्हरांड्यात गोविंदराव टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

"क्या हुआ?" अध्यक्षांनी विचारलं. "मशीन बीमार है?"

कुणीतरी हसलं. मला रडू कोसळायच्या बेतात होतं, आणि खरं सांगते, त्या क्षणी माईंवर, शेजारणींवर आणि जगातल्या सगळ्या भाताच्या शेतांवर माझा राग होता.

"मी करू?" मागून कुसुमचा आवाज आला. तिने मला विचारलं की अध्यक्षांना, कळलं नाही. कुणी हो म्हणायच्या आत ती यंत्रापाशी पोचलीही होती. तिने अडलेली दांडी बोटाने चाचपून पाहिली आणि अध्यक्षांकडे वळली.

"सर, तीसरा खाना बंद है. तो हम चौथे से शुरू करेंगे. पीछे तीन शून्य ज़्यादा आएँगे, वो मैं छोड़ दूँगी."

मागच्या बाकावरून रामेश्वर हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "तीसरा कचोरी खाने गया है, सर!"

वर्गात हशा फुटला. अध्यक्षांना काही कळलं नाही. कुसुमने मात्र मान वर केली नाही. अडलेल्या खाचेच्या पलीकडच्या दांड्यांवर तिने सव्वा लावला आणि दांडा फिरवला. सव्वाचा घन दोनाहून कमी आला. मग एक पूर्णांक सव्वीस. तो अगदी किंचित जास्त आला. ती फळ्याकडे गेली, खडूने एक रेघ ओढली, एका टोकाला सव्वा, दुसऱ्या टोकाला सव्वीस, आणि सव्वीसच्या अगदी जवळ एक टिंब दिलं. "उत्तर इथे आहे," तिने सांगितलं, आणि परत येऊन आणखी एक आकडा लावला. या वेळी किंचित कमी आला. तिने टिंब त्या आकड्याच्या आणि सव्वीसच्या मध्ये सरकवलं.

"रुको," अध्यक्ष म्हणाले. ते खुर्चीवरून उठून यंत्रापर्यंत आले होते, ते त्यांच्याही लक्षात आलं नसावं. "सवा से ही क्यों शुरू किया? मशीन ने बताया?"

"नहीं सर. मशीन सिर्फ़ गुणा करती है. सवा से शुरू करना है, ये उसको कहाँ मालूम?"

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्या लाल तांदळांकडे बोट केलं. "और ये क्या है?" त्यांनी विचारलं.

आता सांगणं भाग होतं. मी पूजेची सगळी हकीकत सांगितली, नारळासकट. जुन्या चालीचा तो माणूस इतका हसला, की त्याला पाणी द्यावं लागलं. "हमारे घर में तो रेडियो की हुई थी," डोळे पुसत ते म्हणाले. "अब तक सिलोन नहीं लगता."

जाताना त्यांनी मालतीला सांगितलं, की वर्ग उज्जैनलाही निघावा असंच ते लिहिणार, आणि यंत्राचा पेपरसुद्धा. मग कुसुमला म्हणाले, "दाख़िला लेने सबसे पहले आना." मालतीने मला सगळ्यांच्या देखत मिठी मारली. कॉलेजच्या व्हरांड्यात असं करायची तिकडेही चाल नाही.

गोविंदराव दारातच होते. कुसुम त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, नीट केली आणि माझ्याकडे वळले.

"ताई, ग्वाल्हेरला नाही म्हणून कळवून टाकतो," ते म्हणाले. "आणि सायकलला मागे सीट लावून घेतो."

पुणे

परतीच्या प्रवासात पेटी पार्सलने आली. गोविंदरावांनी तिला स्वतःच्या हाताने गवतात गुंडाळलं होतं आणि वर "काच आहे" असं खोटंच लिहिलं होतं. शेजारणींना क्षिप्रेच्या पाण्याऐवजी भैरवगढची कापडं दिली. त्यांनी माफ केलं.

यंत्र मात्र दुरुस्तीला टाकावं लागलं. बुधवारात टायपरायटर दुरुस्त करणारा एक मिस्त्री आहे, त्याच्याकडे नेलं. त्याने तळाची पट्टी सोडवली, यंत्र उलटं केलं आणि हलवलं. त्याच्या वर्तमानपत्रावर लाल तांदळांचा सडा पडला. तो एकदा तांदळांकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत राहिला.

"बाई, या यंत्राचं लग्नबिग्न लावलंत की काय?"

"लग्न नाही हो," मी म्हटलं. "लग्न मोडलं. एका मुलीचं पाटीपूजन झालं."

त्याला काही उमगलं नाही. तो कागद गोळा करून फेकणार होता, तेवढ्यात मी त्यातल्या चिमूटभर अक्षता उचलल्या आणि पदराच्या टोकाला बांधल्या.